‘असुडा’चें पांचवें प्रकरण : कर्जत-खालापुरांतून एक वाचन

१

एखादा ग्रंथ फार प्रसिद्ध झाला म्हणजे त्याचें नांव घेणारे वाढतात व तो उघडून पाहणारे मात्र कमी होत जातात. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची अवस्था आज कांहींशी अशीच झाली आहे. १८८३ सालीं लिहून पुरा झालेला हा ग्रंथ जातिभेदाच्या इतिहासाचें साधन म्हणून वाचला जातो. इंग्रजी अमलांतील शेतसाऱ्याच्या अभ्यासकांस तो उपयोगी पडतो. समाजसुधारणेवरील व्याख्यानांत तर त्याचा उल्लेख केल्यावांचून वक्त्यास पुढें जातां येत नाहीं. हें सर्व योग्यच आहे. परंतु ज्या प्रकरणाकडे जाण्यासाठीं ग्रंथकर्त्यानें आधींचीं चार प्रकरणें रचिलीं, तें पांचवें प्रकरण बहुतेक वाचक परिशिष्टासारखें चाळून बाजूस ठेवतात. ग्रंथाचीं पहिलीं दोन प्रकरणें ‘दीनबंधु’ पत्रांत आलीं व तेथेंच छपाई थांबली. म्हणजे त्या काळचा वाचकहि पांचव्या प्रकरणापर्यंत पोहोंचलाच नाहीं. माती, पाणी, गवत, गाळ व गायरान यांची तेथील चर्चा अनेकांस रुक्ष वाटते. आमच्या मतें ग्रंथाचें खरें सामर्थ्य आणि त्याची खरी मर्यादा हीं दोन्ही याच प्रकरणांत दिसून येतात.

हें म्हणणें केवळ ग्रंथांतील पानें पुढें करून सिद्ध होण्यासारखें नाहीं. शेतीवरील उपाय सांगणाऱ्या ग्रंथाची परीक्षा शेतांतच झाली पाहिजे. म्हणून प्रस्तुत लेखांत हा ग्रंथ रायगड जिल्ह्यांतील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत बसून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. एका अंगास सह्याद्रीचा कडा, दुसऱ्या अंगास माथेरानचा डोंगर आणि मध्यें भाताचीं खाचरें, असा हा मुलूख. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथें पडतो. तरी वैशाखांत डोंगरावरील ठाकूर व कातकरी यांच्या वाड्यांतल्या बाया ओहोळाच्या कोरड्या पात्रांत डवरे खणून वाटीवाटीनें पाणी भरतांना दिसतात.

त्यांत पावसाची रीतहि पालटली आहे. हवा तापली म्हणजे तींत बाष्प अधिक मावतें व तें थोडक्या वेळांत कोसळतें, असें हवामानशास्त्रज्ञ सांगतात; १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारताच्या रुंद पट्ट्यांत अतिवृष्टीचे व्यापक प्रसंग सुमारें तिप्पट झाल्याचें २०१७ मधील एका अभ्यासांत दिसून आलें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां उल्हास नदीनेंहि आपल्या काठचीं गांवें बुडविलीं. २७ जुलै २०१९ रोजीं त्याच नदीच्या पुरांत वांगणी व बदलापूर यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराच्या वर उतारूंची नावांतून सुटका करावी लागली. सारांश, उन्हाळ्यांत घोटभर पाण्यासाठीं वणवण व पावसाळ्यांत पाण्याचीच धास्ती, अशा दुहेरी कैचींत हा मुलूख सांपडला आहे. जोतीरावांनीं सुचविलेल्या उपायांचें मोल ठरविण्यास याहून योग्य जागा आम्हांस सुचत नाहीं.

२

प्रथम ग्रंथाची रचना पाहूं. धर्माच्या मिषानें होणारी लूट, सरकारी कामगारांची मनमानी, शेतकऱ्याच्या दैन्याची पूर्वपीठिका आणि प्रत्यक्ष शेतकऱ्याचें घर, असा चार प्रकरणांचा क्रम आहे. चौथ्या प्रकरणांत कलेक्टराकडून हताश होऊन परतलेल्या शेतकऱ्याचें व त्याच्या घरादाराचें जें वर्णन आहे, त्याच्या तोडीचें वास्तव चित्र त्या काळच्या मराठी गद्यांत विरळा. त्यानंतर पांचव्या प्रकरणांत ग्रंथकर्ता उपायांकडे वळतो. रिकाम्या बसलेल्या पलटणी व पोलीस यांच्याकडून डोंगरउतारांवर व शेतांवर ताली-बंधारे घालवून पावसाचें पाणी जमिनींत मुरवावें; नदीनाले व तलाव यांत सांचलेला गाळ शेतकऱ्यांस पूर्वींप्रमाणें फुकट नेऊं द्यावा; जंगलखात्यानें गिळलेलीं गायरानें ज्या त्या गांवास परत करावीं; रानांतून सरपण व राब नेण्यास मोकळीक असावी, पण विकण्यासाठीं इमारती लांकूड तोडण्यास सक्त बंदी करावी; पाणाड्यांकडून सर्व शेतांची पाहणी करवून जेथें झरे सांपडतील त्या जागा गांवच्या नकाशांत नोंदाव्या; आणि स्वतःच्या खर्चानें विहिरी बांधणाऱ्यांस बक्षिसें द्यावीं. असा हा एकंदर आराखडा आहे.

या आराखड्यामागें नुसती कळकळ नव्हती, अनुभव होता. जोतीरावांनीं खडकवासल्याच्या धरणाच्या कामांत कंत्राट घेतलें होतें व मांजरी येथें त्या कालव्याच्या पाण्यावर शेतीहि केली होती. धरण कसें बांधतात, पाटाचें पाणी कोणाच्या हुकुमानें सुटतें आणि तें वेळेवर न आल्यास पिकाचें काय होतें, हें त्यांस ठाऊक होतें. म्हणूनच प्रत्येकाच्या शेतास लागेल तेवढेंच पाणी मिळावें व कोणासहि फाजील घेतां येऊं नये यासाठीं तोट्या बसवाव्या, अशी सूचना ते करूं शकले. पाण्याच्या विपुलतेपेक्षां त्याच्या मोजमापाला त्यांनीं महत्त्व दिलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

येथें भाषेसंबंधीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. जोतीरावांचीं वाक्यें लांबलचक असतात. एका वाक्यांत दहा-बारा वस्तूंची जंत्री येते व कर्ता कोठें राहिला हें वाचकास मागें वळून शोधावें लागतें. व्याकरणाच्या दृष्टीनें हा दोष खराच. परंतु ज्या ठिकाणीं ते डोंगरावरचीं पानें, फुलें, गवत, गुरांचें शेण व मेलेले कीटक पावसाबरोबर कुजून शेतांत उतरतात व जमीन कसदार होते असें सांगतात, तेथें ही जंत्री निरर्थक राहात नाहीं. डोंगर व शेत हीं दोन नसून एकाच खात्याच्या जमेच्या व खर्चाच्या बाजू आहेत, हा त्यांचा सिद्धांत आहे. आणि तो तुटक वाक्यांत मांडला असता तर कारणांची सांखळीहि तुटली असती. आपल्या बहुतेक लेखकांस डोंगर शोभेसाठीं दिसला. जोतीरावांस तो शेताच्या हिशेबांत दिसला. मराठी वाङ्मयांत ही दृष्टि नवी होती.

३

आतां पहिली कसोटी राबाची घेऊं. भाताचें रोप लावण्यापूर्वीं जमिनीच्या तुकड्यावर झाडांचे टहाळ, पालापाचोळा, शेण व गवत पसरून तें भाजण्याची जी कोंकणांतील चाल, तीच राब. १८७८ च्या जंगल-कायद्यानंतर सरकारी रानें बंद होऊं लागलीं आणि टहाळ तोडणें हा गुन्हा ठरूं लागला. त्या वेळीं कर्जत ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेची ओरड इतकी वाढली कीं, १८८५ सालीं सरकारास जंगलविषयक चौकशीमंडळ नेमावें लागलें. त्याच्याहि दोन वर्षें आधीं जोतीरावांनीं राबाचा प्रश्न एका वाक्यखंडांत सोडविला होता. गरजेसाठीं तोडणें व विक्रीसाठीं तोडणें यांत त्यांनीं रेघ ओढली. पहिल्यास मुभा, दुसऱ्यास बंदी. जंगलखात्याला ही रेघ दिसत नव्हती, कारण त्याच्या दृष्टीनें इमारती लांकूड हेंच जंगलाचें उत्पन्न होतें. आजहि जंगलरक्षणाच्या वादांत मोळीवाली बाई व लांकडाचा ठेकेदार यांस एकाच तागडींत घालणारे लोक आहेत; त्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

तथापि टीकाकारानें येथेंच थांबूं नये. राब भाजण्यास मोकळीक मिळाली तरी लोकसंख्या वाढल्यावर टहाळ पुरणार कोठून, या प्रश्नास ग्रंथांत उत्तर नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी यांनीं राबाचा शास्त्रीय अभ्यास केला. तेव्हां या चालीस अडाणीपणा म्हणून हिणवणें बरोबर नाहीं हें स्पष्ट झालें. १९१९ पासून कर्जत येथें भातसंशोधनाचें केंद्र चालत आलें आहे व तेथून निघालेल्या ‘कर्जत’ नांवाच्या जाती कोंकणांत सर्वत्र पेरल्या जातात. परंतु राबाचें खरें उत्तर नेरळजवळच्या एका शेतांतून आलें. सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनीं जी भातपद्धति बसविली तींत नांगरणी नाहीं, चिखलणी नाहीं, राब नाहीं व लावणीहि नाहीं. कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकतात व कापणीनंतर मुळें जमिनींतच कुजूं देतात. माती वाहून जात नाहीं, रान तुटत नाहीं आणि पाऊस लांबला तरी रोप पुनर्लावणीची वाट पाहात वाफ्यांत सुकत बसत नाहीं. ही पद्धति तणनाशकावर अवलंबून आहे, हें तिचें उणें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु जोतीराव जी गोष्ट कायद्यानें मागत होते, ती एका शेतकऱ्यानें प्रयोगानें साधिली, हें त्यांच्याच भूमिकेचें समर्थन आहे. शेतीचें शहाणपण कचेरींत नसून शेतांत असतें, हेंच तर ते सांगत होते.

गाळाची गोष्टहि तशीच. तलावांतला गाळ शेतकऱ्यास फुकट नेऊं द्यावा ही १८८३ ची मागणी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नांवानें सरकारी योजना होण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. मधली १३४ वर्षें गाळ धरणांत राहिला व ग्रंथ कपाटांत राहिला.

४

दुसरी कसोटी पाण्याची. येथें मात्र ग्रंथ आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो. जोतीरावांच्या लेखीं पाण्याचे पक्षकार दोन : सरकार व शेतकरी. तिसऱ्या पक्षकाराची, म्हणजे शहर व कारखाना यांची, त्यांस कल्पना नव्हती. खोपोलीचें विद्युत्‌गृह १९१५ सालीं व भिवपुरीचें १९२२ सालीं सुरू झालें. घाटमाथ्यावर अडविलेलें, एरव्हीं पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यांत गेलें असतें असें पाणी कड्यावरून नळांनीं खालीं सोडून टाटांनीं मुंबईस वीज पुरविली. याच योजनांच्या मालिकेंतील मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला, हें वाचकांस स्मरत असेलच. वीज निर्माण करून सुटलेलें हें पाणी पाताळगंगा व उल्हास या नद्यांत येतें, म्हणून त्या उन्हाळ्यांतहि वाहतात. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाल्याचा कालवा चालून कर्जत तालुक्यांतील कांहीं गांवांत उन्हाळी भातहि पिकतें. पुढें पाताळगंगेवर कारखाने व उल्हासेवर शहरें उभीं राहिलीं. खालापूर तालुक्यांत चौकजवळ धावरी नदीवर बांधलेलें मोरबे धरण तर नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचें आहे.

म्हणजे या दोन तालुक्यांत पाण्याचा तुटवडा नाहीं. पाण्याची वाट ठरलेली आहे आणि ती वाडीवरून जात नाहीं. डवऱ्याशीं बसलेल्या बाईस खालीं भरलेला जलाशय दिसतो. तिच्यासाठीं तोटी कोणी बसवावी व कोणाच्या हिश्शांतून, हा प्रश्न जोतीरावांच्या मापाच्या तोटींतूनच निघतो. परंतु ग्रंथांत तो विचारलेला नाहीं. त्याचें कारणहि ग्रंथाच्या उपोद्‌घातांतच सांपडतें. शेतकऱ्यांचे कुणबी, माळी व धनगर असे तीन भेद ग्रंथकर्त्यानें तेथें सांगितले आहेत. ज्याच्या नांवें सातबारा नाहीं, जो वरकस जमिनींत नाचणी-वरी पिकवून उरलेलें वर्ष रानावर काढतो, तो ठाकूर व ज्याच्या नांवावर घराखालची जमीनहि बहुधा नसते तो कातकरी, हे त्या तिहींत बसत नाहींत. पूर्वीं थोड्या जमिनीचा शेतकरी रानांतील फळांमुळांवर व दोन शेळ्यांवर कसा तगून राही, हें जोतीरावांनीं फार सहृदयतेनें लिहिलें आहे. पण तें गतकाळाचें वर्णन म्हणून. येथें तें आजचें वर्णन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें या उणिवेची कांहीं भरपाई कागदावर केली. पण कागद वाडीपर्यंत चढून जाण्यास वेळ लागतो.

५

तिसरी कसोटी सर्वांत कठोर आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळगडाच्या पायथ्याशीं असलेल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. त्यापूर्वींच्या तीन दिवसांत सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. वाडीस गाडीरस्ता नव्हता. यंत्रें वर नेतां आलीं नाहींत आणि शोधपथकें अंधारांत, चिखलांत पायीं चढून गेलीं. २७ प्रेतें सांपडलीं. ५७ माणसें सांपडलींच नाहींत व चार दिवसांनीं शोध थांबविण्यांत आला. त्यापूर्वीं ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण येथें दीडशेंवर व २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें ऐशींवर माणसें अशींच गेलीं होतीं.

या घटनेपुढें पांचवें प्रकरण ठेवलें म्हणजे त्यांतील मुख्य उपायाविषयींच शंका उभी राहते. पावसाचें पाणी डोंगरांत मुरवावें, हा जोतीरावांचा मंत्र. देशावर, जेथें पाऊस थोडा व उतार मवाळ, तेथें तो शंभर हिश्शांनीं खरा आहे. परंतु कोंकणांतील उभ्या उतारावर घट्ट कातळ व त्यावर मुरूम-मातीचा थर अशी रचना असते. एकदम कोसळलेलें पाणी त्या थरांत शिरलें म्हणजे त्याचा भार वाढतो, आंतील पाण्याचा दाब मातीची पकड सैल करतो आणि सारा थर कातळावरून घसरूं शकतो. अशा ठिकाणीं वस्तीच्या वरच्या अंगास पाणी मुरविणें हा उपाय नसून अपाय होय. तेथें पाणी लौकर व सुरक्षित वाटेनें काढून दिलें पाहिजे, आणि बांध-बंधारे खालच्या मवाळ जमिनींत घातले पाहिजेत. जोतीरावांच्या डोळ्यांपुढें मुख्यतः पुणें प्रांताची जमीन होती. तिचा उपाय त्यांनीं साऱ्या मुलखाचा केला. समतल चर व बंधारे यांचा एकच नमुना सर्वत्र लावूं पाहणाऱ्या आजच्या योजनांतहि हाच दोष आहे, आणि त्यांच्या कर्त्यांस १८८३ सालाची सबब सांगतां येणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, एकशें चाळीस वर्षांपूर्वींच्या ग्रंथाकडून भूस्तरशास्त्राची अपेक्षा करणें अन्याय आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. जोतीरावांनीं हा ग्रंथ शोभेसाठीं लिहिला नव्हता. सरकारनें त्याप्रमाणें वागावें म्हणून लिहिला. ज्या ग्रंथास कृति मागावयाची आहे त्यास कृतीचा निकष लावणें हाच त्याचा सन्मान होय; नुसता हार घालून त्यास उपायांच्या जबाबदारींतून मुक्त करणें हा अनादर होय.

आणि निकष लावल्यावर एक गोष्ट अधिकच उजळून निघते. उपाय जेथें चुकला तेथें पद्धति चुकलेली नाहीं. पाणाड्यांस शेताशेतांतून हिंडवून झऱ्यांच्या जागा गांवच्या नकाशांत नोंदवाव्या, ही जी त्यांची सूचना, तिच्यांत एक मोठें तत्त्व आहे : जमिनीसंबंधींचें जें ज्ञान गांवांत आहे तें सरकारच्या नकाशावर आलें पाहिजे. दरडीचा धोका असलेल्या गांवांच्या सरकारी यादींत इरशाळवाडीचें नांव नव्हतें, असें दुर्घटनेनंतर विधिमंडळांत सांगण्यांत आलें. यादी कचेरींत तयार होते. पण जमिनीस नवी भेग पडली, उतारावरचीं झाडें वांकलीं, नेहमींचा झरा गढूळ झाला किंवा भलत्याच जागीं पाणी फुटलें, या खुणा प्रथम दिसतात त्या गुराख्यास व लांकूडफाटा आणणाऱ्या बाईस. जोतीरावांच्या नकाशांत या खुणांची एक ओळ वाढवावी, म्हणजे ते जें सुचवीत होते तेंच दरडींच्या कामास लागेल. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनें २०११ च्या अहवालांत ग्रामसभांना निर्णयांत घेण्याविषयीं जो आग्रह धरला, तो याच घराण्यांतील विचार होय. त्या अहवालावर वादळ उठलें. पण त्यांतील या मूळ मुद्द्याचें खंडन कोणीं केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

६

एवंच, ‘असुडा’चें पांचवें प्रकरण हें उपायांची पोथी म्हणून घेतल्यास कोंकणांत धोक्याचें ठरेल, पण चौकशीची पद्धति म्हणून घेतल्यास आजहि त्याला तोड नाहीं. गरज व विक्री यांत भेद करा, पाणी कोणास किती तें मोजा, आणि जमिनीची पाहणी जमीन ओळखणाऱ्यांकडून करवा, हे तीन धडे त्यांतून निघतात. त्यांच्या शेतकऱ्यांच्या व्याख्येंत वाडीवरचा माणूस घालणें आणि पाण्याच्या पक्षकारांत शहर मोजणें, ही दुरुस्ती आपण करावयाची आहे.

इरशाळवाडीच्या वांचलेल्या कुटुंबांसाठीं चौकजवळ नवीं घरें बांधण्यांत आलीं. तेथून तो डोंगर दिसतो. सह्याद्रीच्या कुशींत उतारावर वसलेल्या दुसऱ्या वाड्या मात्र अजून वरच आहेत, आणि दर ज्येष्ठांत आकाश भरून आलें म्हणजे त्यांच्यांतील म्हातारीं माणसें उताराकडे पाहूं लागतात. तीं काय पाहतात हें कोणी लिहून घेतलें तर जोतीरावांच्या प्रकरणास योग्य असें पुढचें पान जोडलें जाईल. हें काम साहित्याचें नव्हे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं तें प्रकरण एकदां शेवटपर्यंत वाचावें, एवढीच आमची विनंति आहे.